लवंगेच्या वासाचे फूल



अलीकडे लग्नसमारंभात नवरानवरीच्या मागे फुलांची आरास उभी करतात, ती तुम्ही पाहिली असेल. झेंडू-शेवंतीच्या जोडीला तीत एक परके फूल दिसते. लांब सरळ दांडा, दांड्याला उसासारखी पेरे, पेरापेराशी समोरासमोर निघालेली अरुंद, निळसर झाक असलेली पाने आणि टोकाला दाट पाकळ्यांचा गेंद. पाकळीची कड निरखून पाहा. कुणी कात्रीने बारीक दाते पाडावेत तशी ती दिसते. फुलवाल्याला नाव विचारा, तो सांगेल, "कार्नेशन." मराठीत या फुलाला घरचे असे नाव नाही.

तुम्ही म्हणाल, ज्याला आपल्या भाषेत नाव नाही, जे देवाला वाहत नाहीत, वेणीत माळत नाहीत, त्याच्याविषयी रेडिओवरून बोलायचे ते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु या फुलाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. आज केवळ शोभेचे झालेले हे झाड एके काळी माणसाच्या स्वयंपाकघरात होते, वैद्याच्या फडताळात होते, गरिबाच्या पेल्यात होते. तिथून ते फुलदाणीत कसे येऊन बसले, हे आपण पाहू. कारण जे त्याचे झाले, ते आपल्या परसातल्या झाडांचेही होऊ शकते.

आमचा व्यवसाय भाषा शिकविण्याचा. तेव्हा सुरुवात नावापासूनच करू. शास्त्रज्ञ या झाडाला 'डायँथस कॅरिओफायलस' म्हणतात. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली आपल्या ग्रंथात हे नाव नोंदविले. त्यातला 'डायँथस' हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ देवाचे फूल. दुसरा शब्द 'कॅरिओफायलस', म्हणजे लवंगेशी नाते सांगणारा. लवंगेलाच ग्रीक-लॅटिन भाषांत त्या धर्तीचे नाव होते. हे फूल मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासचे आणि लवंग मूळची पार पूर्वेकडच्या मलुकू बेटांची. एक हातभर उंचीचे रोप, दुसरा मोठा वृक्ष. दोघांचे कूळ वेगळे, मुलूख वेगळा. मग हे नाते जुळले कशाने? वासाने! जुन्या जातींच्या कार्नेशनला लवंगेसारखा उग्र गोड वास येतो. दोघांतही युजेनॉल नावाचे सुगंधी द्रव्य असते. हेच द्रव्य आपल्या तुळशीतही असते. तुळशीचे पान चुरगाळले की जो किंचित तिखट वास येतो, त्यात याचाच वाटा मोठा.

आता मौज पाहा. एका भाषेत नव्हे, कितीतरी भाषांत लवंग आणि हे फूल एकाच नावाने वावरतात. अरबीत दोघांनाही 'करन्फुल' म्हणतात, तुर्की भाषेत 'कारानफिल'. फारसीत दोघांनाही 'मीखक' म्हणतात. मीखक म्हणजे लहानशी मेख. ही 'मेख' तर आपल्या ओळखीची. खुंटी, खिळा या अर्थाने फारसीतूनच ती मराठीत आली आणि इथलीच होऊन गेली. लवंगेचा आकार खिळ्यासारखा, म्हणून तिला मेख म्हटले आणि लवंगेचा वास फुलाला, म्हणून फुलालाही तेच नाव दिले. जर्मन भाषेत 'नेल्के' हा शब्द दोघांना चालतो. तोही मुळात लहान खिळाच. स्पॅनिश भाषेत खिळ्याला नि लवंगेला 'क्लाव्हो' आणि या फुलाला 'क्लाव्हेल' म्हणतात. नाव ठेवणारी माणसे एकमेकांना भेटली नसतील, पण नाक सगळ्यांचे सारखेच!

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकबंधूंसाठी आणखी एक गंमत सांगतो. कार्नेशनच्या जवळच्या नात्यातल्या फुलांना इंग्रजीत 'पिंक' म्हणतात. फुलाचे नाव आधीचे, रंगाचे नंतरचे. आपण गुलाबावरून गुलाबी, जांभळावरून जांभळा, नारिंगावरून नारिंगी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा मुलांना 'पिंक म्हणजे गुलाबी' असे सांगताना हेही सांगावे की, दोन्ही शब्द बागेतूनच भाषेत आले.

हे झाले नावाचे. पण नावात एवढी लवंग शिरली, याचे कारण पोटाशी होते.

मध्ययुगात युरोपात लवंग ही श्रीमंतांची वस्तू होती. मलुकू बेटांपासून ती अनेक हातांतून, अनेक बंदरांतून फिरत फिरत जाई आणि प्रत्येक हातात तिची किंमत चढे. पुढे सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी या व्यापाराचा मक्ताच घेतला. लवंगेचे रोप १७७० साली फ्रेंचांनी मॉरिशसला नेले, तेव्हा कुठे तो मक्ता सैल होऊ लागला. अशा काळात सामान्य माणसाने काय करावे? त्याच्या कुंपणाशी, मठाच्या बागेत हे लवंगेच्या वासाचे फूल उमले. ते तो द्राक्षाच्या मद्यात टाकी आणि लवंगेची तहान त्या वासावर भागवी. इंग्लंडात तर या फुलाला एक गावठी नावच पडले होते. त्याचा अर्थ 'दारूत बुडवायचा घास' असा काहीसा होतो. ही गरिबाची लवंग होती म्हणा ना!

नुसते पेयच नव्हे. पाकळ्या साखरेत मुरवून ठेवीत, शिरक्यात घालीत, त्यांचे सरबत करीत. पाकळीचा बुडखा पांढरा नि कडवट असतो, तो आधी खुडून टाकावा लागे. जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिवेत्त्याचा मोठा ग्रंथ १५९७ साली निघाला. त्यात त्याने साखरेत मुरविलेल्या या पाकळ्यांची तारीफ केली आहे. मन उल्हसित होते, हृदयाला बळ येते, असा त्याचा अभिप्राय. हे ऐकून तुम्हांला कशाची आठवण होते? गुलकंदाचीच ना? उन्हाळ्यात आपली आजी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर थरावर थर रचून बरणी उन्हात ठेवी. तेच काम, तोच विचार, फक्त फूल वेगळे. पुढे अठराव्या शतकात लंडनच्या औषधसंहितेतही या फुलाच्या सरबताला जागा मिळाली. औषधाला लाल रंग यावा, चव बरी लागावी, म्हणून वैद्य ते वापरीत.

पूर्वेकडे चीनमध्ये याच कुळातल्या दोन भावंडांचा उपयोग फार प्राचीन काळापासून होत आला आहे. तिथे त्या औषधाला 'चू-माय' म्हणतात. लघवी अडखळत होत असेल, जळजळत असेल, तर या झाडाचा वाळलेला पाला-फुलोरा काढ्यात घालतात. चिनी औषधांच्या सरकारी ग्रंथात हे आजही आहे. मात्र गर्भारपणी ते देऊ नये, अशी सूचनाही त्या परंपरेतच सांगितलेली आहे. तेव्हा ऐकून घरी प्रयोग करण्याजोगा हा विषय नव्हे, हे ध्यानात असू द्या.

या कुळाचा आणखी एक गुण आपल्याला चटकन पटेल. याच कुळात 'सोपवर्ट' नावाची एक वनस्पती आहे. तिचे मूळ पाण्यात चोळले की फेस येतो. युरोपात नाजूक लोकरी कपडे तिने धूत. आपल्याकडे रिठ्याने रेशमी साडी आणि सोन्याचे दागिने धुतात, तसेच. दोन्हीकडे फेस आणणारी द्रव्ये एकाच जातीची. त्यांना सॅपोनिन म्हणतात. पाहा, हजारो मैलांवरच्या दोन बायका वेगवेगळ्या झाडांतून एकच गुण हुडकून काढतात!

फुलाचा मान कलेतही मोठा होता. सोळाव्या शतकात तुर्कस्तानात इझनिक गावी ज्या चकचकीत रंगीत फरशा बनत, त्यांवर ट्युलिपच्या जोडीला पंख्यासारखे पसरलेले कार्नेशन हमखास असे. इस्तंबूलच्या रुस्तम पाशाच्या मशिदीतल्या भिंतींवर अशा फरशा आजही आहेत. ख्रिस्ती चित्रकारांनी हे फूल बाळ येशूजवळ रंगविले. लिओनार्दो दा विंचीचे तसे एक चित्र जर्मनीत म्युनिकच्या संग्रहालयात आहे. लवंग म्हणजे खिळा आणि खिळा म्हणजे क्रुसाची आठवण, असा अर्थ त्यात पाहिला जातो. पुन्हा मेखच!

आता गोष्टीला वळण लागते. माणूस फूल वापरतो तसा ते बदलू पाहतो. लंडनजवळ थॉमस फेअरचाइल्ड नावाचा एक माळी होता. त्याने १७१७ च्या सुमारास कार्नेशनच्या फुलाशी त्याच्याच एका भावंडाचा, 'स्वीट विल्यम'चा, परागकण जुळविला आणि नवे रोप तयार केले. माणसाने जाणूनबुजून केलेल्या वनस्पतिसंकराची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. त्या रोपाला बी धरेना, म्हणून लोकांनी त्याला 'फेअरचाइल्डचे खेचर' म्हटले. माळी देवभोळा होता. देवाच्या कामात आपण ढवळाढवळ तर केली नाही ना, ही रुखरुख त्याला लागली होती, असे सांगतात. तो १७२९ साली वारला, तेव्हा दरवर्षी सृष्टीतल्या ईश्वरी चमत्कारांवर चर्चमध्ये प्रवचन व्हावे म्हणून त्याने मृत्युपत्रात २५ पौंड ठेवले होते. या वादाची चाहूल शेक्सपियरलाही शंभर वर्षे आधी लागली होती. त्याच्या 'विंटर्स टेल' या नाटकात एक मुलगी माणसाच्या हाताने रंग बदललेले हे फूल बागेत लावायला राजी नाही आणि एक राजा तिला समजावतो की, माणसाची कलादेखील निसर्गाचीच. आज बियाणांवरून जे वाद आपण ऐकतो, त्यांचे मूळ एवढे जुने आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लियाँ शहराच्या माळ्यांनी वर्षभर फुलणाऱ्या जाती काढल्या. अमेरिकेत १९३८-३९ च्या सुमारास विल्यम सिम या मूळच्या स्कॉटिश माळ्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली लाल जात निघाली आणि जगभरच्या काचघरांत तिचा वंश पसरला. ऑस्ट्रेलियात १९९६ साली जांभळट रंगाचे कार्नेशन विक्रीला आले. निसर्गतः या झाडाला निळा रंग करता येत नाही, म्हणून पेटुनियाचे जनुक त्यात घालावे लागले.

आणि खरी मेख इथेच आहे. निवड करणाऱ्यांनी काय काय पाहिले? दांडा लांब हवा, सरळ हवा. फूल मोठे हवे. पेटीत घालून दूर धाडले तरी टिकायला हवे. बारमाही हवे. हे सगळे साधले. पण या यादीत वास कुठे होता? तो कोणी मागितला नाही, म्हणून तो राहिला नाही. बाजारातल्या बहुतेक कार्नेशनला आज फारसा वास येत नाही. ज्या वासामुळे त्याला नाव मिळाले, ज्या वासामुळे ते गरिबाच्या पेल्यात पडले, तोच निघून गेला. नाव लवंगेचे नि लवंगेचा पत्ता नाही!

याचा अर्थ त्याच्यामागचा भाव संपला असे नाही. अमेरिकेत अ‍ॅना जार्व्हिस या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चला ५०० पांढरी कार्नेशन पाठविली. आईचे ते आवडते फूल होते. तिथून 'मातृदिना'ची प्रथा वाढली आणि १९१४ साली तिला राष्ट्रीय मान्यता मिळाली. परंतु त्या दिवसाचा बाजार मांडला गेलेला पाहून त्याच बाई पुढे आयुष्यभर त्याविरुद्ध झगडल्या. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही उलथली. त्या सकाळी सेलेस्ते काएरू ही उपाहारगृहात काम करणारी बाई कार्नेशनचा गुच्छ घेऊन घरी चालली होती. वाटेत एका शिपायाने सिगारेट मागितली. ती तिच्याजवळ नव्हती, तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. मग इतरांनीही तसेच केले आणि त्या क्रांतीला फुलाचेच नाव मिळाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कार्नेशनला थंड हवा लागते. म्हणून आपल्या देशात त्याची लागवड निलगिरीच्या डोंगरात, हिमाचलात सोलनकडे आणि महाराष्ट्रात मावळ, महाबळेश्वर, नाशिक अशा भागांत पॉलीहाऊसमध्ये होते. दांडे सरळ राहावेत म्हणून जाळीचे थर बांधावे लागतात. एका दांड्याला एकच मोठे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या वेळीच खुडाव्या लागतात. काम कष्टाचे, भांडवलाचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, लग्ने थांबली, बाजार बंद झाले आणि पॉलीहाऊसमध्ये तयार झालेली फुले शेतकऱ्यांना तोडून फेकून द्यावी लागली. त्या काळात ज्यांनी ते सोसले, त्यांना सांगायला नको. ज्या फुलाला आरास हा एकच उपयोग उरला आहे, त्याची किंमत आरास थांबली की शून्य होते. उपयोग जितके अधिक, तितके झाडाचे पाय घट्ट. झेंडूचेच पाहा. तोरणाला तर तो लागतोच, पण त्याच्या पाकळ्यांतला पिवळा रंगही काढतात आणि तो कोंबड्यांच्या खाद्यात घालतात.

फूल हाताळणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. शिकागोत १९०८ साली क्रॉकर आणि नाइट या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमुळे कार्नेशनची फुले मिटतात, आणि त्या गॅसमधला इथिलीन हा वायू अगदी थोडा असला तरी पुरतो. पिकत्या फळातूनही हाच वायू निघतो. आपण आंब्याची आढी लावतो, तेव्हा एक पिकता आंबा शेजारच्यांना पिकवतो, तो याच्याच जोरावर. म्हणून फुलांच्या पेट्या केळी-आंब्यांच्या शेजारी कधी ठेवू नयेत. घरातही फुलदाणी फळांच्या टोपलीपासून दूरच बरी.

आणि एक इशारा. जुन्या काळी लोक हे फूल खात होते, हे ऐकून कुणी बाजारातली पाकळी तोंडात टाकील, तर ते करू नका. आजचे फूल शोभेसाठी वाढविलेले असते आणि त्यावर किडीची, बुरशीची औषधे फवारलेली असतात. परंपरा खरी असली तरी झाड तेच राहिलेले नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवून पाणी वर कसे चढते, हे तुम्ही मुलांना दाखविताच. पांढरे कार्नेशन किंवा निशिगंधाचा दांडा घेतलात तर पाकळीपर्यंत रंग गेलेला दिसेल, मुले खूष होतील. पण त्याच तासाला त्यांना आणखी एक काम द्या. घरी जाऊन आजीला, आजोबांना विचारायचे की, आपल्या कुंपणाशी, बांधावर, परड्यात जी झाडे आहेत, त्यांचे तुम्ही काय करीत होता? कशाने भांडी घासत, कशाने केस धूत, कशाची भाजी कोणत्या महिन्यात करीत, कशाचा धूर देत? जे सांगतील ते झाडाच्या गावठी नावासह वहीत उतरवायचे. कोणी सांगितले, कोणत्या वाडीत, हेही लिहायचे. लिहिले म्हणजे ते खरेच गुणकारी आहे असे ठरत नाही. ते ठरविण्याचे काम शास्त्राचे. पण लिहून ठेवलेले असेल तरच शास्त्राला तपासायला काही राहील. आजीबरोबर गेले, ते कोणत्या प्रयोगशाळेत शोधायचे?

फूल नाहीसे झाले तर ते आपल्या डोळ्यांना दिसते. त्याचा उपयोग नाहीसा झाला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. कार्नेशन जगात भरपूर आहे, पूर्वी कधी नव्हते एवढे आहे. तरी त्यातले जे माणसाच्या रोजच्या जगण्याशी बांधलेले होते, ते विरळ झाले. त्याचे निदान नावात तरी लवंग शिल्लक आहे, म्हणून आपल्याला ही हकीकत उलगडता आली. आपल्या तरवड, टाकळा, निर्गुडी, रिठ्याच्या बाबतीत एवढी खूण तरी मागे राहील ना, हे आपल्याच हातात आहे. तेव्हा या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना एका तरी झाडाविषयी जरूर विचारा आणि ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवा.